एका वर्गशिक्षिकेच्या उपचारांची हकिगत

कोल्हापूर शहरातील एका अनुदानित शाळेत मी अनेक वर्षे गणित आणि विज्ञान शिकवते. २०२४ च्या फेब्रुवारीत मला मध्यम स्वरूपाचे नैराश्य असल्याचे निदान झाले. त्यानंतर औषधे, समुपदेशन, वैद्यकीय रजा आणि पुन्हा त्याच मुलांसमोर उभे राहणे या सर्व टप्प्यांतून मी गेले. शिक्षकांच्या आजारपणाबद्दल आपल्याकडे फार तर शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात बोलले जाते, आणि मानसिक आजाराबद्दल तिथेही नाही. नेमके कुठे जायचे, तिथे काय विचारतात, रजेच्या अर्जात काय लिहायचे, मुलांना काय सांगायचे, या साध्या गोष्टी कोणी सांगत नाही म्हणून कितीतरी शिक्षक अंगावर काढतात. म्हणून ही हकिगत तपशिलाने लिहीत आहे.

माझ्या आजाराची पहिली खूण मला माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत दिसली. माझ्या वर्गात बऱ्याच वर्षांची एक पद्धत आहे. जे गणित समजले नाही त्याच्यासमोर मुलांनी समासात पेन्सिलने लहानसे प्रश्नचिन्ह काढायचे, आणि वह्या तपासताना ती चिन्हे पाहून मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची सुरुवात तिथून करायची. मोठ्याने विचारायला लाजणाऱ्या मुलांसाठी हा मार्ग फार उपयोगाचा ठरतो. २०२३ च्या दिवाळीनंतर सातवीच्या वह्यांतली ही प्रश्नचिन्हे कमी होत गेली आणि डिसेंबरात जवळजवळ नाहीशी झाली. मुलांना सगळे समजू लागले होते असे म्हणावे, तर घटक चाचणीतील गुण उलट घसरले होते. पालकसभेत एका आईने त्याचा उलगडा केला. "बाई, पोरगी म्हनती, इचारलं की बाईंच्या कपाळाला आठी पडती. म्हनून ती इचारत न्हाई." त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, उलट माझी तब्येत बरी नाही का, अशी काळजीच होती.

तब्येत खरोखरच बरी नव्हती. पहाटे तीनच्या सुमारास जाग येई आणि पुन्हा झोप लागत नसे, पित्त वाढले होते, पाठ सतत भरून आलेली असे आणि रविवारी दुपारपासूनच दुसऱ्या दिवशीच्या शाळेचे ओझे छातीवर बसे. त्यात जानेवारीत राज्यभर मराठा आणि खुल्या प्रवर्गातील कुटुंबांचे सर्वेक्षण सुरू झाले. आम्ही शिक्षक दिवसा मोबाईलवरील प्रश्नावली घेऊन घरोघर फिरत होतो आणि संध्याकाळी राहिलेल्या वह्या, पोर्टलवरची माहिती आणि निकालपत्रके उरकत होतो. माझा आजार त्या कामामुळे झाला असे मी म्हणणार नाही, कारण पुढे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितले की नैराश्याला सहसा एकच एक कारण नसते. शरीर, स्वभाव, घराण्यातील पूर्वेतिहास, वय आणि परिस्थिती हे सगळे एकत्र येते. पण आधीच थकलेल्या माणसाकडून आणखी काढून घेणारी अशी कामे असतात, हेही तितकेच खरे आहे.

सर्वांत आधी मी आमच्या पेठेतील नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले, तेही पित्तासाठी. त्यांनी झोपेबद्दल विचारले आणि रक्ताच्या तपासण्या करायला सांगितल्या. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच आणि जीवनसत्त्व ब-१२ या त्या तपासण्या होत्या. थायरॉइडचे कार्य मंदावले किंवा ब-१२ कमी झाले, तर हाच थकवा आणि हीच उदासी दिसू शकते. त्यामुळे मनाचा आजार मानण्यापूर्वी ही खात्री करून घ्यायची असते, हे मला तेव्हा समजले. माझे ब-१२ थोडे कमी निघाले आणि त्यासाठी गोळ्या सुरू झाल्या, परंतु महिना उलटला तरी झोप परतली नाही. तेव्हा डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी बरेच दिवस पर्समध्ये राहिली. कोल्हापूर हे एकमेकांना ओळखणारे शहर आहे. महाद्वार रोडवरून रंकाळ्यापर्यंत जाईतो दोन-तीन आजी-माजी विद्यार्थी "नमस्कार बाई" म्हणून थांबवतात आणि त्यांचे आईवडीलही चौकशी करतात. मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात बाकावर बसलेली बाई उद्या पालकांच्या बोलण्याचा विषय होईल, ही धास्ती अनाठायी होती असे मला आजही वाटत नाही. म्हणून प्रथम मी १४४१६ या क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. पलीकडच्या समुपदेशकाने झोप, भूक, काम, घर याबद्दल विचारले आणि मग अगदी सरळ शब्दांत, जीव देण्याचे विचार मनात येतात का, असे विचारले. तसे विचार येत नव्हते. पण हा प्रश्न इतक्या शांतपणे विचारता येतो आणि त्याचे उत्तर तितक्याच शांतपणे देता येते, हे ऐकून मला मोठा आधार वाटला. प्रत्यक्ष तज्ज्ञांना भेटा, असा त्यांचा सल्ला होता, आणि त्या आठवड्यात मी गेले.

राजारामपुरीतील त्या दवाखान्यात पहिली भेट अपेक्षेपेक्षा लांबली. डॉक्टरांनी माझ्या आईच्या आजारपणांपासून मासिक पाळीतील बदलांपर्यंत सगळे विचारले, कारण चाळिशीच्या उत्तरार्धात संप्रेरकांच्या बदलांचाही मनःस्थितीवर परिणाम होतो. नंतर नऊ प्रश्नांचे एक पत्रक भरायला दिले. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दलची निराशा, लक्ष न लागणे अशा तक्रारी किती दिवस जाणवल्या, यावर शून्य ते तीन गुण द्यायचे आणि शेवटी बेरीज करायची. सत्तावीसपैकी दहा किंवा त्याहून अधिक बेरीज आली की पुढे लक्ष देण्याची गरज मानतात. माझी बेरीज मध्यम गटात आली. हे पत्रक केवळ चाळणीसाठी असून निदान मात्र बोलण्यातून आणि इतर माहितीतून करायचे असते, असे डॉक्टरांनी आवर्जून सांगितले.

मी त्यांना विचारले, की हा कामाचा शीण असेल का? त्यांनी दिलेले उत्तर प्रत्येक शिक्षकाला उपयोगी पडेल असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद आहे, परंतु आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून. शक्ती संपून जाणे, कामापासून मन तुटणे किंवा कामाबद्दल कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन लक्षणे आहेत. ती तिन्ही मला होती. मात्र दिवाळीच्या सुट्टीतही मला फराळ करावासा वाटला नव्हता, रंकाळ्यावरची फेरी सुटली होती आणि बहीण घरी आली तेव्हा ती कधी जाते असे झाले होते. नुसता कामाचा शीण असता तर सुट्टीत काही प्रमाणात तरी उतरला असता. माझी उदासी शाळेच्या फाटकापाशी थांबत नव्हती, आणि म्हणूनच ते नैराश्य होते.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात मळमळ होईल, गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा थोडे अधिकही लागतील, बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागेल आणि कोणत्याही परिस्थितीत ते स्वतःहून एकदम बंद करायचे नाही, असे सगळे आधीच सांगितल्यामुळे मळमळ झाली तेव्हा मी घाबरले नाही. सासूबाईंनी अंबाबाईची ओटी भरायला सांगितले. मी देवळात गेले, ओटी भरली आणि रात्री जेवणानंतर गोळीही घेतली. पुढे सासूबाईच रोज रात्री गोळीची आठवण करून देऊ लागल्या. घरात कोणी या दोन गोष्टींत वाद उभा केला नाही, हे माझे भाग्यच.

रजेचा प्रश्न अधिक नाजूक होता. वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित, म्हणजे पूर्ण पगाराची, रजा मिळते आणि तेवढ्या दिवसांसाठी अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात, हा हिशेब लिपिकांनी समजावून दिला. प्रमाणपत्रावर आजाराबद्दल किती लिहायचे, हे डॉक्टरांनी माझ्याशी बोलून ठरवले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ नुसार आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा अधिकार रुग्णाला आहे. मुख्याध्यापकांना मात्र मी सगळे सांगायचे ठरवले. त्यांनी थोडा वेळ काही न बोलता ऐकून घेतले आणि विचारले, "मॅडम, वर्ग कोणाकडे देऊ म्हणजे तुम्हाला काळजी राहणार नाही?" सहानुभूतीच्या शंभर वाक्यांपेक्षा मला हा प्रश्न मोलाचा वाटला.

रजेच्या काळात समुपदेशन सुरू झाले. समुपदेशक मॅडम मला एक वही लिहायला लावत. घटना काय घडली, तेव्हा मनात कोणता विचार आला, तो खरा मानायला पुरावा काय आणि त्याच्या विरुद्ध पुरावा काय, असे तिचे रकाने होते. 'वर्ग गप्प आहे, म्हणजे मला आता शिकवता येत नाही' या वाक्यावर आम्ही कित्येक दिवस काम केले. वर्ग गप्प होता हे खरे होते, परंतु तो माझे कौशल्य कमी पडल्यामुळे नव्हे, माझ्या अवस्थेमुळे गप्प होता, आणि अवस्था बदलता येते. याच संदर्भात त्यांनी मला काही अभ्यास वाचायला दिले. कॅनडात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चौथी ते सातवीच्या १७ वर्गांतील मुलांच्या लाळेतील कॉर्टिसोल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण मोजले होते, आणि ज्या वर्गांचे शिक्षक अधिक थकलेले होते त्या वर्गांतील मुलांमध्ये ते सकाळी अधिक आढळले होते. इंग्लंड आणि वेल्समधील २५ माध्यमिक शाळांत झालेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास तर माझ्या मुलांच्याच वयाच्या, बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा होता. ज्या शाळांत शिक्षकांचे मनःस्वास्थ्य चांगले, तिथे मुलांचेही चांगले, असा संबंध त्यात दिसला. शिक्षक आणि विद्यार्थ्यांचे परस्परसंबंध, तसेच शरीराने शाळेत हजर असूनही काम न होण्याची शिक्षकांची स्थिती, या दोन गोष्टींतून तो संबंध काही प्रमाणात उलगडत होता. दोन्ही अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. त्रासलेल्या मुलांमुळे शिक्षक थकतात, हेही शक्य आहे. माझ्या मते आमच्या वर्गात दोन्ही दिशांनी ये-जा चालू होती. मी थकले म्हणून मुले मिटली, आणि मुले मिटली म्हणून मी आणखी खचले.

वार्षिक परीक्षेच्या आधी, तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र देऊन मी हजर झाले. मुलांना काय सांगायचे याची तयारी आम्ही समुपदेशनात केली होती. मी वर्गात सांगितले, की मला झोप न येण्याचा आणि सतत उदास वाटण्याचा आजार झाला होता, डॉक्टरांच्या औषधाने आता बरे वाटते आहे, आणि हा आजार तुमच्यापैकी कोणामुळेही झालेला नव्हता. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे होते. मोठ्या माणसाचा चेहरा उतरला की मुले त्याचे कारण स्वतःत शोधतात. मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "बाई, परत होईल का?" होऊ शकतो आणि झाला तर मी परत डॉक्टरांकडे जाईन, असे मी सांगितले. त्यावर "मग ठीक आहे" म्हणून तो खाली बसला. पुढच्या काही दिवसांत दोन मुली मधल्या सुट्टीत वेगवेगळ्या येऊन घरच्या गोष्टी सांगून गेल्या. एकीच्या आईलाही अशीच झोप लागत नव्हती. तिला मी १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला. वह्यांतली प्रश्नचिन्हे मात्र जूनमध्ये, ही मुले आठवीत गेल्यावर, सावकाश परतली.

उपचारांचा खरा कस जुलैत लागला. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरातील शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ च्या महापुरात ही मुले तिसरीत होती, २०२१ मध्ये पाचवीत. सुतारवाड्यात आणि नदीच्या अंगाला राहणाऱ्यांना तर प्रत्येक मोठ्या पावसात सामान हलवावे लागते. २०२४ च्या जुलैत पाणी इशारा पातळीच्या वर चढू लागले, तसा वर्ग अस्वस्थ झाला. कोणाचे पोट दुखू लागले, कोणी खिडकीबाहेरच पाहत राहिले, दोघे क्षुल्लक कारणावरून मारामारीवर आले. मी त्या दिवशी ठरलेला पाठ बाजूला ठेवून फळ्यावर आलेख काढायला घेतला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर पाण्याची पातळी, ३९ आणि ४३ या ठिकाणी दोन आडव्या रेघा. प्रशासनाने जाहीर केलेले आकडे मुले सांगत गेली, मी बिंदू मांडत गेले आणि पाणी तासाला किती वेगाने चढते आहे हे आम्ही काढले. काढता काढता मुले बोलू लागली. एकीची तिसरीची सगळी पुस्तके २०१९ मध्ये लगदा झाली होती, म्हणून या वेळी तिने दप्तर आधीच माळ्यावर ठेवले होते आणि ती रिकाम्या हाताने शाळेत आली होती. त्यावरून, घर सोडावे लागले तर कोण कोणाकडे जाणार, याची यादीच मुलांनी केली. पुढे नदीने धोका पातळी ओलांडली, शाळांना सुट्टी जाहीर झाली आणि पाणी ओसरल्यावर मुले परतली तेव्हा तो आलेख पूर्ण करण्याचा आग्रह त्यांनीच धरला.

आदल्या वर्षीच्या मनःस्थितीत हा तास मला घेता आला नसता. अभ्यासक्रम मागे पडेल या धास्तीने मी ठरलेले प्रकरण पुढे रेटले असते आणि पोट दुखणाऱ्याला घरी पाठवले असते. मुलांची भीती ऐकून घ्यायला शिक्षकाच्या मनात थोडी तरी मोकळी जागा शिल्लक असावी लागते, आणि ती जागा झोपेने, औषधाने, बोलण्याने आणि कामाच्या वाजवी वाटणीने तयार होते.

कामाच्या वाटणीबद्दल मी मुद्दाम लिहिते, कारण शिक्षकांच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी एखादे व्याख्यान ठेवले जाते. वर उल्लेख केलेल्या इंग्लंड-वेल्समधील शाळांमध्येच शिक्षकांना मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि सहकाऱ्यांची आधारसेवा देण्याचा प्रयोग झाला. २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा शिक्षकांच्या मनःस्वास्थ्यात त्यामुळे फरक पडल्याचे दिसले नाही. मला याचे आश्चर्य वाटत नाही. दिवसाची घडण तीच ठेवून वर आणखी एक प्रशिक्षण लादले तर थकवा कसा जाईल? शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई करते, आणि तरीही आमचा किती वेळ कशात जातो हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. आमच्या मुख्याध्यापकांना शासनाची कामे नाकारता येत नव्हती, पण शाळेच्या आत जे हातात होते ते त्यांनी केले. पोर्टलवरची माहिती भरण्याचे काम एकाच शिक्षकाकडे वर्षभर न ठेवता पाळीपाळीने दिले आणि ज्यांच्याकडे मोठ्या पटाचे वर्ग आहेत त्यांना मधल्या सुट्टीनंतरचा एक तास मोकळा ठेवला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही काही शिक्षक अर्धा तास बसतो. अवघड गेलेल्या तासाबद्दल, एखाद्या मुलाबद्दल बोलतो आणि त्याचे इतिवृत्त लिहीत नाही. त्यातूनच एका सहकाऱ्याने स्वतःच्या झोपेबद्दल सांगितले. त्यांच्यासोबत मी सीपीआर या शहरातील सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेले, केसपेपर काढला आणि बाकावर शेजारी बसले. तिथे आमच्या शाळेतील एक पालक भेटलेही. त्यांनी नमस्कार केला, आम्ही केला, आणि त्यापुढे काही झाले नाही.

माझे औषध अजून चालू आहे. डॉक्टरांनी मात्रा कमी करत आणली आहे आणि पावसाळा व परीक्षांचा काळ टाळून ते बंद करण्याचा विचार आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. त्यांचा आधार घेऊन आम्ही शिक्षकांनी संस्थेकडे अर्ज केला. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या समुपदेशकाच्या मानधनाला शाळा समितीने तत्त्वतः मान्यता दिली आहे. त्या समुपदेशकाची वेळ मुलांइतकीच शिक्षकांनाही खुली असावी आणि शिक्षकांच्या भेटींची नोंद सेवापुस्तकापासून पूर्णपणे वेगळी राहावी, या आमच्या दोन मागण्यांवर मात्र निर्णय झालेला नाही. समितीच्या पुढील सभेत त्या मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि मी ते स्वीकारले आहे.